वड्याचं तेल वांग्यावर: विश्वासणाऱ्या माणसाच्या रागाबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही भुसावळला रेल्वेत शिफ्टची नोकरी करता. यावल तालुक्यात वडिलांची केळीची जमीन आहे, ती थोरले भाऊ कसतात. वाटणी तोंडीच झालेली. बांध कुठून धरायचा आणि विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून कित्येक वर्षं आतल्या आत धुसफूस चालू आहे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुम्ही वडीलजन (जबाबदार पुढारी) आहात, रविवारी प्रार्थना चालवता, थोरल्या भावासमोर तुमचा आवाज कधी चढलेला नाही. घरी मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट ढकलता, आणि गेल्या महिन्यात दहावीतल्या मुलाच्या कानाखाली मारलीत. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) उपवास-प्रार्थना करायला सांगितली, ती केलीत, आठवडाभर बरं गेलं, मग पुन्हा तेच. तुम्ही विचारता, राग येणं हेच ख्रिस्ती माणसासाठी पाप आहे का, आणि माझा विश्वास कमी पडतो का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: हा राग मुळात आहे कुणावर? आधी मिशन दवाखान्यात सिस्टर म्हणून आणि नंतर समुपदेशक म्हणून मी नवापूरपासून भुसावळपर्यंतच्या बऱ्याच घरांत बसले आहे. विश्वासणाऱ्या घरांमधला राग मला बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर पडलेला दिसला. आपल्याकडे म्हणतात ना, वड्याचं तेल वांग्यावर. तुमच्या घरी वांगं कोण झालंय हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

राग येणं हेच पाप असतं, तर बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातली ती गोष्ट आपल्याला वाचायला मिळाली नसती. शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीचा दिवस, सभास्थानात हात वाळलेला एक माणूस, आणि येशू त्याला बरं करतो की काय यावर डोळा ठेवून बसलेले लोक. मार्क लिहितो की येशूने रागाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो दुःखी झाला. राग आणि दुःख एकाच वाक्यात. मग त्या रागाचं झालं काय? येशू त्या माणसाला म्हणाला, हात पुढे कर, आणि हात बरा झाला. ज्यांचा राग आला होता त्यांच्यापैकी कुणाला बोटही लागलं नाही.

मंदिरातल्या चाबकाचं उदाहरण तर पुरुष मंडळी हमखास काढतात. ‘सिस्टर, येशूनेपण चाबूक हातात घेतला होता ना?’ घेतला होता. पण मार्काचा अकरावा अध्याय सावकाश वाचा. येशू यरुशलेमात आला, मंदिरात गेला, सभोवार सगळं पाहिलं, आणि संध्याकाळ झाली म्हणून बारा शिष्यांबरोबर बेथानीला निघून गेला. मंदिर साफ केलं, म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांना बाहेर काढलं, ते दुसऱ्या दिवशी. जे पाहायचं ते आदल्या संध्याकाळीच पाहून झालं होतं, मध्ये एक अख्खी रात्र गेली. योहान सांगतो की तो चाबूक येशूने दोऱ्यांचा स्वतः तयार केला, म्हणजे त्यालाही वेळ लागलाच असणार. आणि योहानाच्याच वर्णनात कबुतरं विकणाऱ्यांना त्याने सांगितलं की ही इथून न्या. मेजं उलटली तरी ती परत उभी करता येतात. पिंजरे उलटले असते तर गरिबाची पाखरं उडाली असती. त्या दिवशी येशू रागात होता, पण काय उलटायचं आणि काय नाही याचं भान त्याचं सुटलेलं नव्हतं. भाजीचं ताट ढकलणाऱ्याने या उताऱ्याचा आधार घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वांग्याकडे येते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातले २४, २५ आणि २६ हे तीन अध्याय एका बैठकीत वाचून पाहा. २४ मध्ये दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत त्याच दाविदाच्या हाती सापडतो. दावीद त्याच्या झग्याचा काठ कापतो आणि त्याला सोडून देतो. २६ मध्ये पुन्हा शौल झोपलेला सापडतो, पुन्हा दावीद त्याला हात लावत नाही. या दोन्हींच्या मध्ये, २५ मध्ये, नाबाल नावाचा एक श्रीमंत मेंढरंवाला दाविदाच्या माणसांना अन्न नाकारतो आणि वर दाविदाच्या कुळाचा उद्धार करतो. तेवढ्यावर दावीद चारशे माणसांना तलवारी बांधायला सांगतो, आणि सकाळपर्यंत नाबालाच्या घरातला एक पुरुष जिवंत ठेवणार नाही अशी शपथ खातो. वर्षानुवर्षं जीव घ्यायला टपलेल्या राजाबाबत इतका संयम, आणि भाकरी नाकारणाऱ्याचं अख्खं घर कापायला निघाला! शास्त्र तसं शब्दांत सांगत नाही, पण मला नेहमी वाटतं की नाबालाच्या दारावर चालून निघालेल्या त्या रागात शौलावरचा बराच राग मिसळलेला होता. शौलावर हात उचलता येत नव्हता, तो परमेश्वराचा अभिषिक्त, म्हणजे देवाने नेमलेला राजा. नाबाल सोपा होता.

तुमचे थोरले भाऊ तुमच्यासाठी जवळजवळ अभिषिक्तच आहेत. वडील गेल्यावर त्यांनी घर सांभाळलं, तुमच्या शिक्षणाला पैसे पाठवले, हे तुम्ही लिहिलंय. अशा माणसाला ‘दादा, बांध दोन हात माझ्याकडे सरकलाय’ असं म्हणायला जीभ उचलत नाही. मग ते दोन हात घरी येतात. मुलाने मोबाइल पाहिला, बायकोने फोन उचलायला उशीर केला, मीठ कमी पडलं. ही सगळी नाबालं.

यात मंडळीचाही वाटा आहे, आणि मी हे मंडळीच्या आत राहूनच बोलते. आपल्याकडे चांगला विश्वासणारा म्हणजे कधीच न रागावणारा, असं ठरून गेलंय. साक्ष देताना लोक उभे राहून सांगतात, ‘प्रभूमध्ये आल्यापासून माले राग येसच नही.’ सगळे हालेलुया म्हणतात. मागच्या सतरंजीवर बसलेल्या त्याच्या बायकोचा चेहरा मात्र कुणी पाहत नाही. वडीलजनाने ‘भाऊ, माझा राग आवरत नाहीये’ म्हटलं तर त्याला काही महिने प्रार्थना चालवू देणार नाहीत, ही भीती खरी आहे. म्हणून राग लपतो, आणि बाहेर यायला अशी जागा शोधतो जिथे उलट उत्तर मिळणार नाही. बायको, मुलं, दुकानातला पोऱ्या, शेतावरचा सालदार.

नवापूरकडची काही कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि हंगाम संपेपर्यंत हिशेबात काय काय कापलं जाईल याचा भरवसा नसतो. मुकादमाशी भांडलं तर पुढच्या वर्षी काम नाही. त्या रात्री पालात मार कुणाला बसतो हे सांगायला नको. रविवारी तोच माणूस देवळात डोळे मिटून गातो, आणि त्या गाण्यात ढोंग नसतं, हे मी खात्रीने सांगते. त्याचा विश्वास खरा आहे. त्याच्या रागाला मात्र मुकादमापर्यंत जाण्याची वाट कुणी दाखवलेली नाही.

अशी वाट शास्त्रात आहे. यहुद्यांचा सुभेदार असलेल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आपल्या शेतकरी माणसाला परका वाटणार नाही. दुष्काळ पडलाय, धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलीत, राजाचा कर भरायला कर्ज काढलंय, पोरंबाळं गुलामीत द्यावी लागलीत, आणि हे सगळं करणारे त्यांचेच यहुदी भाऊबंद. लोकांची ओरड ऐकून नहेम्या लिहितो की मी फार संतापलो. पुढचीच ओळ अशी की त्याने आपल्या मनाशी विचार केला, आणि मग त्या सरदारांना व अधिकाऱ्यांना तोंडावर जाब विचारला. मोठी सभा बोलावली. शेतं परत करा, व्याज सोडा, अशी नेमकी मागणी केली, आणि त्यांनी कबूल केल्यावर याजकांना बोलावून शपथ घेववली. रागाचा आकडा, नाव आणि मागणी तिन्ही ठरलेली. घरी जाऊन नहेम्याने नोकराला झोडपलं असं कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हा तुम्ही पहिलं काम हे करा. एक साधी वही घ्या. राग उफाळला की त्या रात्री चार गोष्टी लिहा: किती वाजता, कुणावर, निमित्त काय, आणि त्याआधीच्या दिवसभरात काय घडलं होतं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. दोन-तीन आठवड्यांत त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसू लागतील. माझा अंदाज असा की तुमच्या वहीत ‘दादाचा फोन’ किंवा ‘गावाहून कुणीतरी भेटलं’ हे वारंवार येईल. आणि ‘नाइट करून आलो होतो’ हेही येईल.

हे नाइटचं हलक्यात घेऊ नका. आपण रागाला आत्मिक प्रश्न समजतो, पण तो शरीरातून येतो. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास वर चढतो, हात गरम होतात. झोप अपुरी असेल, पोट रिकामं असेल, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला आणि वरून लाइट गेलेली असेल, तर त्या शरीराला भडकायला काडीसुद्धा लागत नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. बोलणं पुढे होरेब डोंगरावर, बऱ्याच दिवसांनी. म्हणून तुमच्या घरात एक नियम करा: नाइटवरून आल्यावर आधी अंघोळ, जेवण, झोप. मुलाचे मार्क, घरखर्च, गावाकडचा विषय यातलं काहीही त्याआधी निघणार नाही. हे वहिनींना, म्हणजे तुमच्या पत्नीला, सांगून ठेवा, पण हा नियम पाळायची जबाबदारी तुमची. ‘तुला सांगितलं होतं ना, आत्ता बोलू नकोस’ असं ओरडून हा नियम राबवता येत नाही.

राग चढलेला असताना निर्णय घेऊ नये हे सगळेच सांगतात, किती वेळ थांबायचं ते सांगत नाहीत. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन म्हणतात की ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरतच नाही, आणि शरीर खाली यायला किमान वीस मिनिटं द्यावी लागतात. नाडी मोजायला शिका, मनगटावर दोन बोटं ठेवून. माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांना हे आवडतं, कारण यात मोजायला काहीतरी असतं. त्या वीस मिनिटांत श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. चाला, बादलीभर पाणी भरा, अंगणात पाणी मारा. पण त्या वेळात भांडण मनात घोळवत बसलात तर वीस मिनिटं फुकट. आणि निघताना सांगून निघा: ‘माझा आवाज चढतोय, मी चक्कर मारून अर्ध्या तासात येतो, मग बोलू.’ न सांगता दार आपटून गेलात तर ती घरच्यांना शिक्षाच वाटते.

उशी बडव, भिंतीवर मूठ मार, म्हणजे राग निघून जातो, असा एक समज आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नंतर जास्तच आक्रमक झाले. काहीच न करता शांत बसलेले लोक त्यांच्यापेक्षा बरे. मूर्ख आपला सगळा राग बाहेर ओततो, असं नीतिसूत्रांच्या २९ व्या अध्यायात म्हटलंच आहे. दाबून ठेवणं आणि ओतून टाकणं या दोनच वाटा आहेत असं आपण धरून चालतो. नहेम्याची वाट तिसरी.

सूर्य मावळण्याच्या वचनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की रागावा पण पाप करू नका, आणि राग असताना सूर्य मावळू देऊ नका. याचा अर्थ कित्येक घरांत असा घेतला जातो की भांडण आजच्या आज मिटलंच पाहिजे. मग रात्री बारापर्यंत वाद, दोघं थकलेले, पोरं जागी, आणि शेवटी बायकोच ‘माझं चुकलं’ म्हणून मोकळी होते. हे मिटणं नव्हे. त्या वचनाचा पहिला भाग पौलाने चौथ्या स्तोत्रातून घेतलाय, आणि तिथे पुढे काय आहे पाहा: अंथरुणावर आपल्या मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. पौलाच्याही पुढच्याच ओळीत कारण आहे: सैतानाला जागा देऊ नका. रात्रभरात राग झाकून त्यावर माती लोटणं, ही ती जागा. दिवस मावळायच्या आत एवढं बोललं तरी मला पुरे वाटतं: ‘मला अमुक गोष्टीचा राग आलाय, आज बोलायची ताकद नाही, उद्या संध्याकाळी चहा झाल्यावर बोलू.’ आणि दुसऱ्या दिवशी तो चहा खरंच व्हायला हवा.

आता मुलाचं. त्याची माफी मागा. ‘मी मारलं, पण तूही…’ यातलं ‘पण’ काढून टाका. ‘मी तुला मारलं ते चुकलं, तुझ्या वागण्यामुळे ते बरोबर ठरत नाही’ एवढंच म्हणा, आणि ज्यांच्या समोर मारलं त्यांच्या समोरच म्हणा. बापाने माफी मागितली तर पोर डोक्यावर बसेल, हे मी खानदेशात सगळ्या जातीधर्मांच्या बापांकडून ऐकलंय. कलस्सैकरांस लिहिताना पौल बापांना सांगतो की मुलांना चिरडीला आणू नका, नाहीतर ती खचून जातील. त्याला काळजी मुलं खचण्याची होती, डोक्यावर बसण्याची नव्हती. नारायण वामन टिळकांसारखा भक्त कवीसुद्धा घरात किती तापट होता, हे लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवलंय, आणि तरी मराठी मंडळ्यांनी टिळकांची भजनं गाणं सोडलं नाही. मोठ्या माणसाचा राग उघड झाला म्हणून त्याची भक्ती खोटी ठरत नाही. लपवला तर मात्र घरातल्यांना एकट्याने तो झेलावा लागतो.

इथे एक गोष्ट वहिनींसाठी आणि अशा प्रत्येक बाईसाठी लिहिते. सोसणं म्हणजे क्षमा, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर ते शास्त्र नव्हे. मार होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा: माहेरी, शेजारी, पाळकांच्या घरी. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे, तो ख्रिस्ती घरालाही तितकाच लागू आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीची मदत ११२ वर, मुलांसाठी १०९८. पोलिसांत गेल्याने मंडळीचं नाव खराब होतं, असं सांगणारा वडीलजन भेटला तर त्याला सांगा की नाव मारणाऱ्याने खराब केलंय.

भाऊ, आता थोरल्या दादांकडे जायचं. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात क्रम दिलाय: अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी अख्ख्या मंडळीला कळतं, मग नातेवाइकांना, आणि ज्याच्याशी वाद आहे त्याला सर्वांत शेवटी. एकट्याने जा. लग्नात, मयतीत किंवा नाताळच्या जेवणात विषय काढू नका. मोठ्या वहिनींसमोर नको, कारण बायकोसमोर माघार घेणं तुमच्या दादांना जड जाईल. केळीची कटाई चालू असेल, भाव पडलेला असेल, तेव्हाही नको. त्या दिवशी त्यांचाही स्वतःचा कुणीतरी नाबाल शोधणं चालू असेल. सकाळी शेतातच भेटा. सुरुवात त्यांनी तुमच्यासाठी जे केलं त्यापासून करा, कारण ते खरं आहे. मग मागणी एकच ठेवा, मोजता येईल अशी. ‘तुम्ही मला नेहमी डावलता’ याला माणूस काय उत्तर देणार? ‘दादा, आपण मोजणी करून घेऊ आणि पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहू’ याला हो किंवा नाही म्हणता येतं.

मोजणीचा अर्ज करणं म्हणजे भावावर अविश्वास, असं समजू नका. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा घातल्या की रोजचा अर्धा वाद आपोआप संपतो. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, आणि सातबारा वेगळा होतो. अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांची भांडणं होऊ लागली, तेव्हा अब्राहामाने प्रार्थनासभा भरवली नाही. तो म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो. वाटणी करून दिली, आणि पुढे लोट संकटात सापडला तेव्हा त्याला सोडवायला हाच अब्राहाम धावला. हद्द स्पष्ट केल्याने नातं तुटलं नाही.

दादा ‘नाही’ म्हणण्याची शक्यता आहे. तेव्हा गावातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन पुन्हा जा, आणि तरी नाहीच झालं तर रीतसर कायद्याची वाट धरा. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर खटले भरण्याबद्दल नाराजी व्यक्त करतो, हे मला माहीत आहे. पण तो तिथेच विचारतो की भावाभावांत निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आधी मंडळीने तो शहाणा माणूस पुरवावा. तो न पुरवता वचन मात्र ऐकवायचं, हे मला पटत नाही.

क्षमेबद्दल पाळकांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्धं. एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ख्रिस्ती, क्षमेवर संशोधन करणारे. १९९६ च्या सुरुवातीला त्यांच्या आईचा घरात घुसलेल्या चोराने खून केला. ते क्षमेचे दोन भाग करतात: सूड घेणार नाही असा निर्णय, आणि मनातली कडवट भावना हळूहळू बदलणं. निर्णय एका प्रार्थनेत होऊ शकतो, भावनेला वेळ लागतो. तुम्ही उपवासात निर्णय घेतलात, तो खोटा नव्हता. आठव्या दिवशी राग परत आला म्हणून तो निर्णय रद्द झाला असं धरू नका, पुन्हा तोच निर्णय घ्या. क्षमा केली म्हणजे बांधावरचा हक्क सोडला असंही होत नाही. हक्क सोडायचा असेल तर सोडा, पण तो उघडपणे, ठरवून, दादांना सांगून सोडा. मनात धरून वरवर सोडलेला हक्क तुमच्या मुलाच्या गालावर निघतो.

आणि प्रार्थना बदला. ‘प्रभू, माझा राग काढून टाक’ ही प्रार्थना तुम्ही पुष्कळ केलीत. त्याऐवजी राग जसा आहे तसा, दादांचं नाव घेऊन, देवासमोर बोला. तेरावं स्तोत्र ‘किती काळ’ असं चार वेळा विचारतं. १०९ वं स्तोत्र तर इतकं कडक आहे की मंडळीत मोठ्याने वाचायला लोक कचरतात. ही स्तोत्रं आपल्याला दिली आहेत ती याचसाठी की असे शब्द बायकोसमोर न निघता देवासमोर निघावेत. योना संदेष्टा देवावरच रागावला होता; देवाने त्याला झिडकारलं नाही, विचारलं, तुझं रागावणं बरोबर आहे का? काईनालाही, त्याने भावाचा खून करण्याआधी, देवाने विचारलं होतं, तू का रागावलास, तुझा चेहरा का उतरला? देव रागावलेल्या माणसाशी बोलायला प्रश्नाने सुरुवात करतो. तुम्हीही त्या प्रश्नाचं उत्तर एकट्यात, मोठ्याने द्या. पहिलं उत्तर बहुधा जमिनीचं असेल. खोल गेलात तर वडील गेल्याचं दुःखही निघेल, ज्याबद्दल तुम्ही प्रश्नात एक ओळच लिहिली आहे.

शेवटी थोडं दवाखान्याचं. रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. चिडचिडीमागे यातलं काहीतरी निघालेले लोक मी पाहिले आहेत. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी रागातून दिसतं. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, ज्या कामात रस होता त्यात मन लागत नसेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सोय असते. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर कुठल्याही वेळी मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. दारूचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. नसेल तर उत्तम. कधीमधी असेल तर वहीत त्याचाही रकाना करा आणि तो रकाना वहिनींना भरू द्या.

वही तीन आठवडे लिहून झाली की पुन्हा लिहा मला. दादांशी बोलणं त्याआधी करू नका, मुलाशी मात्र आजच बोला.